तपासणीपुरती पुस्तकं

आमच्या गावाला वाचनालय होतं, हे मी सहसा कुणाला सांगत नाही. सांगितलं की ऐकणाऱ्याचा चेहरा कौतुकाने फुलतो, 'वा, खेड्यात असून!' असं काहीतरी तो म्हणतो आणि मग मला त्याचा फुगा फोडत बसावं लागतं. त्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. यवत आणि वरवंडच्या मधे हमरस्ता सोडून आत वळलं की आमचं गाव. गावात सोसायटीचं गोदाम, गोदामावर एक लांबट खोली, आणि खोलीच्या दारावर निळी पाटी: 'सार्वजनिक वाचनालय. लहान-थोरांसाठी विविध विषयांची पुस्तके.' पाटीतलं एक अक्षरही खोटं नव्हतं, हेच तर वाईट. पुस्तकं होती. पोरांच्या गोष्टींची होती, म्हाताऱ्यांच्या अध्यात्माची होती, शेतीची, आरोग्याची, पाककृतींची, चरित्रं होती, कादंबऱ्या होत्या. काचेच्या कपाटांत होती आणि कपाटांना कुलपं होती. खालच्या खताच्या पोत्यांचा वास जिन्याने वर यायचा आणि पुस्तकांत मुरायचा. पुढे शिकायला पुण्यात गेले तेव्हा मैत्रिणी नव्या पुस्तकाचा वास घेऊन डोळे मिटायच्या, आणि मला आपला युरिया आठवायचा.

या सगळ्याचे कर्तेधर्ते नाना. गावात नाना बरेच होते, पण नुसतं 'नाना' म्हटलं की हेच. सोसायटी त्यांची, कालव्याच्या पाण्याची पाळी त्यांच्या शब्दावर, गणपतीची वर्गणी त्यांच्या अंगणात जमायची, आणि वाचनालयाचे संस्थापक-अध्यक्षही तेच. नानांना पुस्तकांविषयी फार आदर होता. इतका आदर, की ते स्वतः पुस्तकाला कधी हात लावत नसत आणि दुसऱ्याला लावू देत नसत. ग्रंथपाल म्हणून त्यांनी आपल्या पुतण्याला, बबनला, नेमलं होतं. बारावीला दोनदा बसून दोनदा उठलेला हा गडी. कपाटांच्या किल्ल्या करदोट्याला बांधून गावभर फिरायचा आणि चालताना खुळखुळायचा. शाळेत कवायतीला पोरं उभी करतात तशी त्याने पुस्तकं उंचीप्रमाणे लावली होती. त्यामुळे सशाच्या गोष्टी दोन जाडजूड चरित्रांच्या मधे अडकून पडल्या होत्या आणि मूळव्याधीवरचं पुस्तक बडबडगीतांना टेकून उभं होतं. बबनला त्याचा अभिमान होता. 'वरून हात फिरवा, कुठं खालीवर लागतंय का बघा,' असं तो म्हणायचा. हात अर्थात काचेवरूनच फिरवायचा.

बाहेर एका टेबलावर वर्तमानपत्र असायचं, आणि गावाच्या लेखी वाचनालय म्हणजे ते टेबल. सकाळी तिथे पाचसहा पुरुष बसायचे. एकजण मोठ्याने मथळे वाचायचा आणि बाकीचे त्यावर मतं द्यायचे. मत द्यायला मथळ्याखालचा मजकूर लागत नाही हे मी तिथेच शिकले. या माणसांना मी लहानपणी घाबरायचे. आता त्यातले जे उरलेत ते मोबाइलवर तेच करताना दिसतात आणि मला तेव्हा उगाच घाबरल्याचा राग येतो.

आमचं घर फुलांचं. गुलछडी, शेवंती, झेंडू, मधल्या पट्ट्यात अॅस्टर. घरामागे पत्र्याची शेड होती आणि आमचं बालपण त्या शेडमध्येच गेलं म्हणायला हरकत नाही. गुलछडी उजाडायच्या आत तोडायची, करंड्या भरायच्या, पुण्याच्या मार्केटचा टेम्पो बांधावर येऊन हॉर्न वाजवायचा आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, 'आलो आलो' करत पळायचे. मार्केटला जाऊन उरलेल्या फुलांचे हार व्हायचे. ते यवतला हमरस्त्यावरच्या दुकानांत जायचे. ट्रकवाले आणि ढाबेवाले घ्यायचे. दिवसभर शेडमध्ये सुईचा आवाज नसलेला आवाज, लांबून ट्रकची घरघर, आणि दौंडकडे जाणाऱ्या गाडीची शिट्टी. दुपारी बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कधी वांग्याचं भरीत, आणि सगळ्याला झेंडूचा कडवट वास. हात कितीही धुतले तरी घासाबरोबर झेंडू तोंडात यायचाच.

शेडमध्ये आई, मी आणि हौसामावशी. हौसामावशी विहाराजवळच्या वस्तीतली. रोजाने हार ओवायला यायची, पण रोजाची वाटायची नाही, कारण आईला गप्पा मारायला दुसरं कुणी नव्हतं आणि तिलाही. तिला अक्षरओळख नव्हती. लग्न करून तिला भिगवणकडे दिली होती. तिथे नवऱ्याने मारून मारून कानाचा पडदा फाडला, तेव्हा ती लेकीला काखेत घेऊन जी निघाली ती माहेरी आली. 'मी काय पळून न्हाई आली, चालत आली,' असं ती सांगायची. आई सातवी शिकलेली. लग्नानंतर तिला वाचायला मिळायची ती रद्दी. हार बांधायला वर्तमानपत्रांचे गठ्ठे यायचे, त्यातला प्रत्येक कागद ती पाण्यात भिजवण्याआधी वाचायची. त्यामुळे तिला जगातल्या पुष्कळ गोष्टींची सुरुवात माहीत असायची आणि शेवट माहीत नसायचा. 'उर्वरित पान सहावर' हे तिचं सर्वांत नावडतं वाक्य होतं.

वर्षातून एकदा, थंडी पडली की, वाचनालयाची तपासणी व्हायची. खात्याचे साहेब यायचे. तपासणीची चाहूल लागली की बबन आमच्या शेडच्या दारात खुळखुळायचा. 'नाना म्हणले हार पाठवा. साहेबांना मोठा, बाकी बारकं. आन् वहिनी, तुम्ही बी या. ह्या पोरीला बी आणा.' साहेबांना नुसती पुस्तकं दाखवून भागत नसे, वाचक दाखवावे लागत. पुरुष वाचक टेबलावरचेच; त्या दिवशी ते अंघोळ करून येत. महिला वाचक आणि बालवाचक मात्र गोळा करावे लागत. मग कुलपं निघायची, सतरंज्या पसरल्या जायच्या, आणि बबन प्रसादासारखी एकेकाच्या हातात पुस्तकं ठेवत जायचा. कुणाला काय हे तो बघत नसे. एकदा आमच्या गावच्या माजी पोलीस पाटलांच्या हाती त्याने बोलणाऱ्या भोपळ्याची गोष्ट दिली आणि माझ्या हाती गुडघेदुखीवरचे उपाय. पाटलांनी भोपळा इतक्या गांभीर्याने धरला होता की साहेबांनी त्यांना नमस्कार केला. हौसामावशीला बोलावणं नसायचं. का नसायचं, ते कुणी विचारत नसे आणि कुणी सांगतही नसे. तिने ओवलेले हार मात्र साहेबांच्या गळ्यात चालायचे.

अशाच एका तपासणीला आईच्या हाती कादंबरी पडली. तिचं नाव लिहीत नाही. तिच्या लेखकाबद्दल पुढे मला जे म्हणायचं आहे ते नाव न घेता म्हटलेलंच बरं. साहेब नेहमीप्रमाणे उशिरा येणार होते. आईने सगळ्यांसारखं पुस्तक उघडून मांडीवर धरलं, आणि मग ती वाचायला लागली. खरंच वाचायला लागली. नागपूरकडची कुणी सुमन, मोठ्या घरात दिलेली. नवरा वकील. तो मारत नाही, ओरडत नाही, फक्त ती बोलायला लागली की घड्याळाकडे बघतो. आई इतकी गढली की साहेब आले, हार झाले, भाषण झालं, साहेब नानांकडे शिरा-भजी खायला गेले, तरी तिला पत्ता नाही. आम्हा वाचकांना चहा आणि ग्लुकोज बिस्किटं आली, तिचा चहा तसाच गार. शेवटी बबनने वरून पुस्तक ओढून घेतलं, आणि आईचे हात तसेच मांडीवर उघडे राहिले. तेवढ्यात तिने अंबाड्यातल्या शेवंतीची एक पाकळी खुणेला पानात सारली होती.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये आईने हौसामावशीला सुमन सांगितली. हौसामावशीच्या हातातली सुई थांबली. 'घड्याळाकडं बगतो? नुस्तं?' 'नुस्तं.' 'ह्ये मारन्यापरीस वाईट हाय, वयनी.' त्यानंतर आमच्या शेडमध्ये सुमन राहायलाच आली. भाकरी खाताना तिचा विषय, झेंडू तोडताना तिचा विषय. हौसामावशीचं ठाम मत होतं की ती घर सोडून जाणार. आईचं तसं नव्हतं. 'जाईल कुठं? आन् मारत तर न्हाई.' हौसामावशी म्हणायची, 'मारलं म्हंजीच जायचं का?' यावर आई सुईत नवा दोरा ओवायला घ्यायची. आप्पा वाईट नव्हते. आईला त्यांनी कधी बोट लावलं नाही, पण नानांपुढे त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे आणि घरी आईपुढे ते हिशेब सोडून काही बोलत नसत. त्यांच्या मनगटावर घड्याळ नव्हतं, एवढाच त्यांच्यात आणि त्या वकिलात फरक, असं मला तेव्हा वाटायचं. तेव्हा मी तेरा-चौदा वर्षांची होते आणि सगळ्या मोठ्या माणसांविषयी माझं मत फार वाईट होतं. ते सुधारावं असं नंतरही फारसं काही घडलं नाही.

मी बबनकडे गेले. म्हटलं, ते पुस्तक आईला हवंय, वाचून आणून देते. बबन माझ्याकडे असा पाहत राहिला जसं मी कपाटच घरी न्यायला मागितलंय. 'पुस्तकं अशी घरोघर वाटली तर तपासणीला काय दाखवायचं?' मी नानांकडे गेले. नाना झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी मला जवळ बोलावलं, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, 'पुस्तक म्हंजी देव हाय पोरी. देव कुणी घरी न्हेतं का? दर्शन घ्यायचं आन् निघायचं.' बाजूला बसलेल्या दोघांनी माना डोलावल्या. हे वाक्य पुढे नानांच्या एकसष्टीला कुणीतरी भाषणात वापरलं आणि टाळ्या घेतल्या. त्या टाळ्या वाजवणाऱ्यांत आमच्या शाळेचे मराठीचे सरही होते, याचं मला त्या वेळी वाईट वाटलं आणि आज अजिबात वाटत नाही.

पुढच्या वर्षी तपासणीला आईने बबनला सांगून तेच पुस्तक मागून घेतलं. 'कुठलं बी धरा की वहिनी, साहेबांना काय कळतंय,' म्हणत त्याने दिलं. आईने उघडलं तर शेवंतीची पाकळी जिथे ठेवली होती तिथेच होती, सुकून कागदासारखी झालेली. वर्षभर त्या पुस्तकाला, आणि माझी खात्री आहे की त्या कपाटातल्या कुठल्याच पुस्तकाला, माणसाचं बोट लागलं नव्हतं. त्या दिवशी सुमनने नवऱ्याला न विचारता ट्रंक काढली आणि तिच्यात दोन लुगडी ठेवली. एवढ्यात साहेब उठले. ट्रंक भरली की परत ठेवली, हे कळायला आणखी एक वर्ष. त्या वर्षात आमच्या गावात नाणं टाकायचा फोनचा डबा आला, पलीकडे रांजणगावला कारखान्यांच्या बस धावायला लागल्या, गावातली पोरं हेल्मेट घालून भीमा ओलांडून शिफ्टला जायला लागली, आणि आमच्या शेडमध्ये दोन बायका एका ट्रंकेवर बसून होत्या. हौसामावशी तर एकदा भर कामात म्हणाली, 'वयनी, ती न्हाई गेली तर मला सांगू नका.' हसत म्हणाली, पण तिचे डोळे हसत नव्हते. तेव्हा मला कळलं की ही नुसती गोष्ट नव्हे. गावाने हौसामावशीला जन्मभर एकच गोष्ट ऐकवली होती, की बाई निघून आली म्हणजे तिचंच काहीतरी चुकलं असणार. तिला छापलेल्या पुस्तकातून कुणीतरी उलट सांगायला हवं होतं.

तिसऱ्या वर्षी बबन बोलवायला आला तेव्हा आई म्हणाली, 'हौसा येणार असंल तर मी यीन.' बबन म्हणाला, 'तिला वाचता कुठं येतंय?' आई म्हणाली, 'तुला तरी कुठं येतंय?' आईच्या तोंडून असं काही मी पहिल्यांदाच ऐकलं. आप्पा करंडी बांधत होते, ते तिथूनच म्हणाले, 'अगं, नानांशी वाकडं कशाला?' आई फुलं ओवत राहिली. त्या साली महिला वाचकांची फार टंचाई होती, दोघीजणी बाळंत आणि एक पंढरीच्या पुढे लेकीकडे. त्यामुळे बबन नानांना विचारून आला आणि होकार देऊन गेला.

हौसामावशी धुवट पातळ नेसून आली. जिना चढताना तिने चपला खाली काढल्या, आणि वर आल्यावर काचेच्या कपाटांकडे एकदा नीट पाहून घेतलं. 'आमच्या विहारात एक रॅक हाय लोखंडी,' ती मला हळूच म्हणाली, 'त्यातली पुस्तकं फाटलीत पार. पोरं हाताळत्यात. ही कशी कोरी हायेत गं!' तिने ते स्तुती म्हणून म्हटलं की काय, मला आजही सांगता येत नाही. सतरंजीवर ती आईला चिकटून बसली, फुटक्या कानाची बाजू बाहेर आणि चांगला कान आईकडे करून. आई हलक्या आवाजात वाचू लागली. बाकीच्या बायकांनी एकमेकींना कोपरखळ्या मारल्या. मग साहेब आले, दारातच थबकले आणि त्यांचा चेहरा उजळला. 'वा, वा! साक्षर भगिनी निरक्षर भगिनीला वाचून दाखवते आहे. नाना, हा उपक्रम तुम्ही कधी सुरू केलात?' नानांनी क्षणभरही न अडखळता सांगितलं, 'पहिल्यापासूनच हाय साहेब. तळागाळापर्यंत जावं म्हनलं.' साहेबांनी फोटो काढवला. फोटोत नाना हौसामावशीच्या मागे उभे आहेत, तिच्या डोक्यावर आशीर्वादासारखा हात धरून. डोक्याला मात्र तो हात टेकलेला नाही. नीट बघणाऱ्याला मधली वीतभर जागा दिसते.

साहेब जेवायला गेले आणि बाकीच्या बायका घरी परतल्या. बबन पुस्तकं गोळा करत आमच्यापाशी आला. आई वाचत होती. 'आटपा, वहिनी.' 'थोडी पानं राह्यलीत.' 'आवो, तपासणी झाली.' आईने मान वर केली नाही. बबन खाली जाऊन नानांना घेऊन आला. नाना दमून वर चढले, कमरेवर हात ठेवून म्हणाले, 'शांताबाई, साहेब गेलं. उठा आता. आन् हिला कशाला बसवलंय अजून?' हौसामावशी म्हणाली, 'मी साहेबासाठी न्हाई बसली, नाना.' जिन्यावर टेबलवाले पुरुष गोळा झाले होते; त्यातला एकजण फिसकन हसला. त्या हसण्याने नाना बिथरले. 'बबन्या, लाव कुलूप. बसू दी दोघींस्नी. भूक लागली की येतील ताळ्यावर.' आणि खरोखरच बबनने दार ओढून बाहेरून कुलूप लावलं. मी आत आहे हे त्याच्या लक्षातही आलं नसावं. जाता जाता त्याने मेन स्विच पाडला. पुस्तकांच्या रक्षणासाठी नेमलेल्या माणसाने आयुष्यात केलेलं हे एकमेव धाडस, आणि ते केलं दोन वाचणाऱ्या बायकांना कोंडण्यासाठी. नाना त्या वेळी जिना उतरत होते आणि म्हणत होते, 'बायकांना वाचायला दिलं की असं व्हतं.' त्यांच्याच वाचनालयात, त्यांच्याच पाटीखाली.

आई उठली, खिडकीपाशी गेली, उजेडाला बसली. हौसामावशी तिच्याशेजारी, मी आईच्या खांद्याला टेकून. खाली माणसांची कुजबुज, वर युरियाचा वास, आणि आई वाचते आहे. सुमन स्टेशनवर आली. रात्रीची गाडी. ट्रंक बाकावर. नवऱ्याचा गडी मागून धावत येतो, 'बाईसाहेब, साहेबांना ताप भरलाय, चला.' सुमन त्याच्याकडे पाहते, रुळांकडे पाहते. हौसामावशीने माझा हात धरला. गाडीला सिग्नल मिळतो. सुमन ट्रंक उचलते आणि... इथे पान संपलं. आईने उलटलं.

पुढच्या पानावर मगर होती. पदर घेतलेली मगर, तिच्या हातात दात घासायचा भला मोठा ब्रश, आणि खाली ठळक अक्षरांत: 'मगरबाई म्हणाल्या, माझी एक दाढ दुखते गं!' मी पुढे डोकावले. त्याच्या पुढच्या पानावरही मगर. शेवटपर्यंत मगर, आणि मग पुठ्ठा. लहान-थोरांसाठी विविध पुस्तकांचा एकाच मापाचा स्वस्तातला लॉट नानांनी कुठूनसा उचलला होता, आणि बांधणाऱ्याने कादंबरीचा शेवटचा गठ्ठा काढून तिथे पोरांच्या गोष्टीचा शिवला होता. सुमनचा शेवट कदाचित मगरीच्या पुस्तकात जाऊन बसला असेल. आम्ही शोधला नाही. इतकी वर्षं ते पुस्तक काचेआड होतं, त्याला हार घातले गेले, त्याच्यावर भाषणं झाली, आणि त्यात मगर आहे हे जगात एकाही माणसाला माहीत नव्हतं.

आई थांबली. घोट गिळायला लागेल तेवढीच. मग त्याच आवाजात, मगरीवर डोळे ठेवून, ती पुढे वाचू लागली. सुमन गड्याला म्हणाली, तापाला डॉक्टर बोलाव. सुमन गाडीत चढली. खिडकीपाशी बसली. गडी फलाटावर उभा राहिला आणि लहान लहान होत गेला. आई योग्य वेळी पान उलटत होती, आणि दर पानावर मगर दात घासत होती. सुमन रात्रभर जागी राहिली आणि सकाळी एका मोठ्या जंक्शनला उतरली. 'दौंडला,' आई म्हणाली. कादंबरीत दौंड कुठेच नव्हतं. आईने तेवढं एकच मोठं स्टेशन पाहिलं होतं. हौसामावशी ताठ झाली. 'दौंडला? आपल्या दौंडला?' 'व्हय. लिवलंय तसं.' मग सुमनने स्टेशनबाहेर हारांचं दुकान टाकलं. सुरुवातीला लोक नाही नाही ते बोलले. मग त्यांना हार लागले आणि ते बोलायचे थांबले. संध्याकाळी दुकान बंद करून ती चहा घ्यायची, आणि ती बोलायला लागली की समोर घड्याळाकडे बघणारं कुणी नसायचं. आईने शेवटचं पान उलटलं आणि पुस्तक मिटलं. हौसामावशीने पदराने तोंड खसखसून पुसलं. 'बरं झालं बया,' ती म्हणाली, 'गेली एकदाची. आन् छापलं बी.' मी आईकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

दिवस कलता कलता दार उघडलं. दोन बायका कोंडल्याची गोष्ट गावभर झाली होती आणि साहेब अजून गावातच होते, एवढंच त्या उघडण्याचं कारण. नाना पुढे, आप्पा मागे, मान खाली घालून. आप्पा इतकंच म्हणाले, 'घरी चल.' नाना म्हणाले, 'झालं का समाधान? काय घावलं एवढं?' आईने पुस्तक बबनच्या हातात दिलं आणि त्याने ते आधी उंचीच्या जागी ठेवून मगच कपाट लावलं. हौसामावशी खाली येऊन चपला घालता घालता म्हणाली, 'ती दौंडला हाय, नाना. बरं चाललंय तिचं.' नाना म्हणाले, 'कोन?' तोवर आम्ही वाटेला लागलो होतो. पुढच्या थंडीत बबन हार मागायला आला तेव्हा आई म्हणाली, 'फुलं न्हाईत.' समोर अख्खं रान पिवळं झालं होतं. आणि कालव्याच्या पाण्याच्या पाळीला आप्पा त्या वर्षी पहिल्यांदा स्वतः जाऊन भांडून आले.

आता ती खोली वातानुकूलित अभ्यासिका झाली आहे. भिंतीवर नानांची मोठी तसबीर आहे, तिच्याखाली 'ग्रंथप्रेमी' असं लिहिलं आहे, आणि पोरं तिकडे पाठ करून स्पर्धा परीक्षेची प्रश्नोत्तरं पाठ करतात. कपाटं तशीच आहेत.

लग्नानंतर मी शिरूरला आले. तिथल्या एका मंगल कार्यालयात पुस्तकांचं प्रदर्शन लागलं होतं, आणि ढिगात मला ती कादंबरी दिसली. चांगली, धड बांधलेली. मी तिथेच उभ्या उभ्या शेवट काढला. सुमन ट्रंक उचलते आणि गड्याच्या हाती देते. घरी येते. तापाने फणफणलेल्या नवऱ्याच्या पायांवर डोकं ठेवते, तो घड्याळाकडे बघतो आणि म्हणतो, उशीर केलास. आणि या दोन शब्दांत तिला संसाराचा खरा अर्थ उमगतो. पुढे दोन पानं तो अर्थ. या लेखकाला त्यासाठी मोठे मानसन्मान मिळाले, असं मागच्या पुठ्ठ्यावर छापलेलं होतं. इतक्या वर्षांत नानांना जेवढ्या शिव्या मी मनातल्या मनात दिल्या त्या मला एकदम कमी वाटल्या. नानांनी निदान पुस्तक नुसतं बंद ठेवलं होतं.

तरी मी ते घेतलं आणि माहेरी घेऊन गेले. वाटलं, आईला हक्क आहे. ती शेडच्या दारात उभी होती. आत हौसामावशी शेवंती निवडत होती, आता चष्मा लावून. आईने हात पदराला पुसले, पुस्तक ओळखलं, सरळ शेवटाकडे गेली आणि उभ्याने वाचलं. सावकाश, एकही ओळ न गाळता. आतून हौसामावशीने विचारलं, 'कसलं गं पुस्तक आणलंस?' आईने पुस्तक मिटून माझ्या हातात ठेवलं.

'काय न्हाई,' ती आत बघून मोठ्याने म्हणाली, आणि मग हळू आवाजात मला म्हणाली, 'ह्ये चुकीचं छापलंय. परत करून यी.'